निळा पडदा परत पाठवण्यात येत आहे

"बाबा, त्या खोक्याला हात लावू नका," असं जागृती निघताना तीनतीनदा बजावून गेली आणि तिथेच घोळ झाला. एकदाच सांगितलं असतं तर सदूभाऊ कासारे विसरून गेले असते.

खोक्यात नवं ग्राफिक्स कार्ड होतं. जागृती कॉम्प्युटरवर कार्टून बनवते. तिच्यासमोर कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमेशन म्हणायचं. ऐरोलीच्या एका स्टुडिओत तिला नोकरी मिळणार होती, फक्त सोमवारी सकाळी स्वतः केलेली एक छोटी फिल्म त्यांना पाठवायची होती. फिल्म तयार होती, पण रेंडर व्हायची होती. रेंडर म्हणजे कॉम्प्युटर एकेक चित्र रंगवून बाहेर काढतो, मग ती चित्रं पळायला लागतात. जुन्या मशीनला हे काम सांगितलं असतं तर त्याने पुढच्या बुद्धपौर्णिमेची तारीख दिली असती. म्हणून नवं कार्ड. ते नेमकं शुक्रवारी आलं, आणि शनिवारी महाडला चुलत्यांच्या घरी लग्न. काकाच्या जीपने जायचं, रविवारी दुपारी खांदेश्वरला परतायचं, कार्ड बसवायचं, रेंडर लावून द्यायचं, असा जागृतीचा बेत. गुडघ्यामुळे जागृतीची आई संघमित्राबाई आणि संघमित्राबाईंमुळे सदूभाऊ घरीच राहिले.

"पोरगी दमून येईल," शनिवारी सकाळी चहा पिता पिता सदूभाऊ म्हणाले. "तिच्याआधी कार्ड बसवून ठेवू. खूश होईल."

"अहो, ती नको म्हणाली ना?"

"बसवू नका असं नाही म्हणाली. हात लावू नका म्हणाली. हात मी लावतच नाही. सुलेमान लावेल."

इथे सदूभाऊंबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. ते बेलापूरच्या एका महामंडळात कार्यालय अधीक्षक आहेत. महामंडळाचं नाव मी सांगणार नाही, माणसाची पेन्शन व्हायची आहे. आजवर एका पैशाला शिवलेले नाहीत, पण त्यांच्या टेबलावरून कुठलाही अर्ज पहिल्या फेरीत पुढे गेलेला नाही. पहिल्या फेरीत 'हो' म्हटलं की माणूस सोकावतो आणि उद्या चौकशी लागली तर सही आपली असते, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व कसलं, आता ते रक्तातच भिनलंय. हॉटेलात वेटरने "पाणी साधं?" विचारलं तरी आधी मान नकारार्थी हलते, मग घोट घेतात.

समोरच्या दारातला सुलेमान मुकादम मूळचा श्रीवर्धनचा. नवीन पनवेलला त्याचं वायरी आणि स्विचांचं दुकान आहे, त्यामुळे विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू आपल्याला विचारून बनवली जाते अशी त्याची समजूत. तो हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आला.

"सदू, टेन्शन नको घेऊ. खाच आहे, पट्टी आहे. दाबायची. पन आधी सेफ्टी. मी खाली जाऊन मेन स्विच पाडून येतो."

तो पाडून आला. घरातला पंखा फिरतच होता, पण त्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. सुलेमानने कॉम्प्युटरची कूस उघडली, जुनं कार्ड उपटलं, नवं टेकवलं आणि अंगठ्यांनी दाबलं. खट् असा आवाज आला. सुलेमान म्हणाला, "बसलं." संघमित्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुटलं." नशिबाने या वेळी सुलेमानचं खरं निघालं.

आता राहिला ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला नव्या कार्डाशी बोलता यावं म्हणून घालायचा प्रोग्रॅम, एवढं सुलेमानने मोबाइलवर शोधून काढलं. जागृतीच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि सदूभाऊ लिनक्सवर पहिल्या नजरेत भाळले. सगळा कारभार लेखी. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. चुकला तर कारण देऊन परत येतो. आपल्या ऑफिसात निम्मे लोक एवढं करत नाहीत, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात त्या काळ्या खिडकीने त्यांच्या तोंडावर उत्तर फेकलं: परमिशन डिनाइड.

सदूभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अहो, तीस वर्षं परवानगी नाकारण्यात गेली त्या माणसाची! आणि आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर, बनियनवर बसलेला असताना त्यालाच?

"पुढे सुडो लिहायचं म्हनतायत," सुलेमान मोबाइल डोळ्यांशी धरून म्हणाला. "म्हंजे मोठ्या साहेबाच्या अधिकारात काम."

"साहेबांकरिता सही," सदूभाऊंना लगेच कळलं. "असं सांग ना मग."

सुडो लिहिल्यावर, आणि जागृतीने दाराच्या मागे चिकटवून ठेवलेला पासवर्ड घातल्यावर, यंत्रणा हलली. मग तिने विचारलं, पुढे जायचं का, हो की नाही? सदूभाऊंच्या बोटाने आपोआप 'नाही' दाबलं. सगळं थांबलं. सुलेमानने कपाळावर हात मारला. दुसऱ्या फेरीत सदूभाऊंनी 'हो' म्हटलं, कारण दुसऱ्या फेरीत ते म्हणतातही. ड्रायव्हर उतरला. मध्येच त्याने एक नवा पासवर्ड ठरवायला सांगितला, तो ठरवला. शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू करा म्हणाला, तेही केलं.

आणि कॉम्प्युटर उठता उठता एक निळा पडदा आला.

त्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. पहिल्या ओळीचा अर्थ, पुढे चला. बाकीच्या ओळींत कसल्याशा किल्लीची नोंद करून घ्या असं लिहिलेलं. सदूभाऊंनी चष्मा वर सरकवून ते दोनदा वाचलं. कुणाची किल्ली? कशासाठी? मागणी कुणी केली? खाली कुणाचं नाव नाही, गाव नाही, आणि म्हणे नोंद करा. असले अर्ज त्यांनी पोत्यांनी परत पाठवले होते. त्यांनी शांतपणे पहिल्या ओळीवर एंटर दाबलं.

"काय होतं?" सुलेमान पाणी पिऊन परत येत म्हणाला.

"आगाऊपणा होता. परत पाठवला."

"बरं केलंस. व्हायरस असेल."

कॉम्प्युटर सुरू झाला आणि पडद्यावर सगळं भाकरीएवढं दिसायला लागलं. अक्षरं एवढी मोठी, की संघमित्राबाईंना स्वयंपाकघरातून वाचता आली. कार्डाची हजेरी घेण्याचा एक हुकूम असतो, तो सुलेमानने शोधून दिला. उत्तर आलं, ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकत नाही.

मग काय, ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. पुन्हा नवा पासवर्ड, पुन्हा निळा पडदा. सदूभाऊंनी पुन्हा परत पाठवला. पुन्हा भाकऱ्या. सुलेमानने दुसरा ड्रायव्हर सुचवला, तो घातला. निळा पडदा पुन्हा हजर! "चिकट आहे," सदूभाऊ म्हणाले आणि त्याला जरा रागातच वाटेला लावला. खरं सांगायचं तर त्या गृहस्थाच्या चिकाटीबद्दल त्यांना थोडा आदरही वाटायला लागला होता. पण आदर वेगळा आणि नियम वेगळा.

एवढ्यात दारावर थापा पडल्या. सोसायटीचा सेक्रेटरी रणजीत आला होता. मूळचा शिरवण्याचा, आवाज गावकीच्या सभेत कमावलेला.

"सदूभाऊ, पान्याच्या पंपाचा स्विच कोनी पारला? टाकी खरखरीत सुकली. वरचे पिंगळेकाका अंगाला साबन लावून उभे हायत!"

सुलेमानने हळूच स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. सदूभाऊंनी उभ्या उभ्या सगळी हकिकत सांगितली, आणि ती सांगायला नको होती. रणजीतने नियम काढला. फ्लॅटमध्ये काहीही बसवायचं असेल तर सोसायटीची एनओसी लागते. एसी असो, जाळी असो, कार्ड असो.

"हे खिडकीला लावत नाहीत रे!"

"नियमात खिडकी लिवलेली नाय. बसवने लिवलंय."

सदूभाऊंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. सुंदर अर्ज होता. विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. रणजीतने तो वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. "शेजाऱ्याची सही नाय."

"शेजारी इथेच उभा आहे!"

"तो तर गुन्ह्यात हाय. दुसऱ्या शेजाऱ्याची आना."

दार लागल्यावर सदूभाऊ बराच वेळ त्या अर्जाकडे बघत बसले. पहिल्या फेरीत परत! त्यांना आयुष्यात कधी एवढं लागलं नव्हतं. संघमित्राबाईंनी न विचारता दुसरा चहा आणून ठेवला, यावरून काय ते समजा.

रविवारी सकाळी सुलेमान म्हणाला, लिनक्सवाल्यांचा इंटरनेटवर एक कट्टा असतो, जगभरची माणसं तिथे अडल्यानडल्याला मदत करतात. सदूभाऊंनी त्या कट्ट्यावर इंग्रजीत पत्र टाकलं. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अशी सुरुवात. कार्डाचा पूर्वेतिहास, केलेली कार्यवाही, आणि शेवटी, तरी उचित आदेश व्हावेत ही विनंती. पहिलं उत्तर आलं, "लॉग टाका." लॉग म्हणजे मशीन स्वतः ठेवतं ती नोंदवही. सदूभाऊंनी उलट टपाली विचारलं, कोणता लॉग, कोणत्या नमुन्यात, किती प्रतीत? त्यावर कुणीतरी हसणारे चेहरे टाकले. मग कट्ट्यावर देखरेख करणाऱ्याने शेरा मारला, "हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे, सबब बंद." आणि खरोखरच कुलूप लावलं.

"म्हणणं न ऐकता?" सदूभाऊ ओरडले. "म्हणणं न ऐकता प्रकरण बंद करतात? ही काय पद्धत झाली?"

"अहो, तुमच्या ऑफिसात..." संघमित्राबाईंनी सुरुवात केली.

"आम्ही निदान म्हणणं ऐकतो. ऐकून नाकारतो."

त्याच वेळी फोन वाजला. जागृती होती. मागून हॉर्नचा कालवा, कुणीतरी काकड्या विकत होतं.

"बाबा, आम्ही माणगावला अडकलोय. एवढा ट्रॅफिक, गाडी इंचभर हलत नाय. काका म्हणतोय संध्याकाळच होईल. मग कधी मी कार्ड बसवणार आणि कधी रेंडर लावणार? रात्री लावलं तर सकाळपर्यंत होणारच नाय ते. गेलं, बाबा. गेली नोकरी."

तिचा आवाज चिरकला. जागृती रडणाऱ्यातली नाही. लहानपणी सायकलवरून पडली की ही सायकलला लाथ मारायची.

"कार्ड बसवलंय," ते म्हणाले.

"काय?"

"सुलेमानने बसवलं. मी हात लावला नाही. पण ड्रायव्हर लागत नाही, बाळा. कालपासून लावतोय. मला वाटलं तू येशील आणि बघून खूश होशील." माणसाने चांगलं करायला जावं आणि पोरीच्या पोटावर पाय पडावा, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

जागृती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, मशीन परत चालू करताना निळी स्क्रीन आली होती का?"

"आली होती. प्रत्येक वेळी आली."

"मग?"

"परत पाठवली."

पलीकडे जागृतीने काकडीवाल्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

"बाबा," ती मग म्हणाली, "तिला हो म्हणायचं होतं."

"कशाला हो म्हणायचं? ओळख ना पाळख, थेट किल्लीची नोंद मागते! कुणाची किल्ली ती?"

"तुमचीच! ड्रायव्हर घालताना तुम्हीच बनवली, पासवर्डपण तुम्हीच दिला."

"मग माझी किल्ली मलाच कशाला विचारते?"

"अहो, कारण मशीनला खात्री करायची असते, की ड्रायव्हर घालणारा माणूस खरंच समोर बसलाय. उद्या कोणी चोर लांबून येऊन काहीपण घालेल. म्हणून ती म्हणते, स्वतः या, पासवर्ड सांगा, मग नोंद करते. तोपर्यंत ड्रायव्हरला आत सोडत नाही."

"म्हणजे हयातीचा दाखला!"

"काय?"

"पेन्शनवाले नोव्हेंबरात येतात ना आमच्याकडे, स्वतः हजर राहून, मी जिवंत आहे म्हणून सांगायला. तोच प्रकार. अगं, मग तसं लिहायचं ना त्यांनी! चोख काम आहे. हे मी कशाला नाकारेन?"

सुलेमान म्हणाला, "आनि मी व्हायरस म्हनालो." पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग खांदेश्वर आणि माणगाव यांच्यामध्ये कामाला सुरुवात झाली. ड्रायव्हर पुन्हा घातला. पासवर्ड काय ठेवू, असं सदूभाऊंनी विचारलं. काहीही ठेवा, एकदाच लागतो, असं जागृती म्हणाली. एकदाच वापरायचा पासवर्ड म्हणजे उधळपट्टी, असं सदूभाऊंचं मत पडलं, पण त्यांनी ठेवला आणि विसरायला नको म्हणून मोठ्याने म्हणून दाखवला. जीपमधल्या सगळ्या वऱ्हाडाला तो पाठ झाला. मशीन बंद, मशीन चालू. निळा पडदा आला, आणि सदूभाऊ चष्मा शोधायला आत गेले. परत येईपर्यंत पडदा वाट बघून निघून गेला होता.

"अहो, तो थांबत नसतो!" जागृती किंचाळली.

"आमच्याकडे माणसं थांबतात," सदूभाऊ पुटपुटले. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी चष्मा नाकावर, सुलेमान उजवीकडे, संघमित्राबाई डावीकडे. निळा पडदा आला. नोंदीची ओळ निवडल्यावर त्याने विचारलं, किल्लीची नोंद करायची का? खाली दोन शब्द. 'नाही' वर, 'हो' खाली, आणि निवडीचा पट्टा 'नाही'वर उभा. सदूभाऊंचं बोट बाणाच्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. वर कुणी साहेब नाही, टिप्पणी नाही, शिफारस नाही. जे होईल ते आपल्या अंगावर. कपाळावर घाम आला त्यांच्या, खोटं नाही सांगत.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. "झालं का?"

सदूभाऊंनी पट्टा खाली नेला आणि 'हो' दाबलं. पासवर्ड घातला. जीपमधून काकाने ओरडून तो आणखी एकदा सांगितला.

मशीन उठलं. भाकऱ्या गेल्या, अक्षरं माणसात आली. हजेरीचा हुकूम दिला, कार्ड नावागावासकट हजर. सुलेमानने सदूभाऊंना उचलायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला. माणगावला लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकाने फोन हिसकावून "जय भीम, भाऊ! मानलं!" म्हटलं.

जागृतीने फाइल उघडायला सांगितली, रेंडर सुरू करायची बटणं सांगितली. "आता एस्केपच्या बटणाला हात लावू नका, बाबा. ते दाबलं की सगळं थांबतं. आणि, ऐका ना..." ती अडखळली. "पडदा बंद करा आणि तुम्ही बाहेर बसा. फिल्म बघू नका."

"का?"

पण माणगावची रेंज गेली.

आता बघू नका म्हटल्यावर बघायचं नाही असा मनुष्य कोण आहे? पहिलं चित्र हळूहळू उमटलं. एक सरकारी खिडकी. आत टेबल, टेबलामागे एक गुबगुबीत गृहस्थ. पुढच्या चित्रात गृहस्थाने मान वर केली. चष्मा कपाळावर, मान जवळजवळ नाहीच, आणि खालचा ओठ पुढे काढलेला.

"अगंबाई," संघमित्राबाई म्हणाल्या. "तुम्ही!"

"मी कसा असेन?" असं म्हणताना सदूभाऊंचा खालचा ओठ पुढे आला. सुलेमानने त्यांच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि जेवायची वेळ झाली म्हणत घराकडे पळाला. जिन्यात त्याचं हसू बराच वेळ ऐकू येत होतं.

सदूभाऊंना भयंकर राग आला. दोन दिवस! पंपाचा अपमान, कट्ट्याचा अपमान, शेजाऱ्याच्या सहीचा अपमान, सगळं कशासाठी, तर स्वतःच्या पोरीने केलेली स्वतःची टिंगल जगाला दिसावी म्हणून? ऐरोलीच्या लोकांनी बघावी म्हणून? त्यांचं बोट एस्केपवर जाऊन टेकलं.

तेवढ्यात पुढचं चित्र आलं. खिडकीशी एक म्हातारी. हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद. तिने कागद पुढे केला. त्यापुढच्या चित्रात गृहस्थाचा हात खिडकीच्या दाराकडे निघाला.

एक चित्र, मग नुसती घरघर, मग दुसरं चित्र. प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाचं काम, पण इथे ती खिडकी बंद होता होता सदूभाऊंचं जेवण झालं, संघमित्राबाईंची भांडी झाली, दुपारची झोप झाली. सदूभाऊ झोपले नाहीत. इतकं सावकाश, इतकं जवळून त्यांनी हे कधी बघितलंच नव्हतं. एरवी ते खिडकीच्या आत असतात. दार मिटत जाताना म्हातारीचा चेहरा थोडा थोडा झाकला जात होता. त्यांना लाज वाटली. पोरीने ओठ मात्र फार बरोबर पकडलाय, असंही वाटलं, आणि त्याचा अभिमान वाटला म्हणून पुन्हा राग आला. बोट एस्केपवरून कधी निघालं ते त्यांना कळलंही नाही.

चहाच्या सुमाराला खिडकी बंद झाली. म्हातारी गेली नाही. पायरीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

अंधार पडताना जागृती आली. केसांत धूळ, हातात लग्नाच्या लाडवांची पिशवी. दारातूनच तिला बाबा दिसले, पडद्याला नाक लावून बसलेले. तिने चप्पल काढली आणि तिथेच उभी राहिली.

"बघितलंत," ती म्हणाली.

"बघतोय."

"रागावलात?"

"ते नंतर बघू. तू आधी इकडे ये." सदूभाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही कधीची बसलीय. खिडकी पुन्हा उघडतो का हा? म्हातारीचं काम होतं की नाही?"

जागृतीने वाकून पडदा बघितला, कार्डाच्या पंख्यावर हात धरून गरम हवा लागतेय का बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची दोन दिवसांची काळजी एकदम उतरली. मग ती सरळ उभी राहिली, बाबांचा चष्मा काढून आपल्या कपाळावर चढवला आणि खालचा ओठ पुढे काढला.

"उद्या या," ती म्हणाली.